मामांची गोळी कोणी बंद केली?

मामांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. मागच्या आठवड्यात मामींनी त्यांची त्यावरची लेवोडोपाची गोळी बंद केली. कारण एक फॉरवर्ड : ‘कंपवातात फक्त हात थरथरतात, मेंदू शाबूत असतो. विसरणं, भास होणं हे गोळ्यांमुळे. एमआरआय नॉर्मल असेल तर गोळ्या सोडा, खाजकुयलीचं चूर्ण घ्या.’ अंबाजोगाईतल्या आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज फिरलाय.

चौथ्या दिवशी मामा लाकडासारखे ताठ झाले. अंगात ताप, पाणीसुद्धा गिळवेना. रात्री गाडी करून लातूरला न्यावं लागलं. म्हणून आधी गोळीचंच बोलतो. लेवोडोपा एकदम तोडली की ताप, ताठरपणा आणि भ्रम एकत्र येऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो. गोळी कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं करतात. घरच्यांनी परस्पर कधीही नाही, एक दिवससुद्धा नाही!

मेसेजमध्ये थोडं खरं आहे, ते मान्य करतो. थरथरीसाठी देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंद करू शकते. कंपवाताच्या इतर औषधांनीही भास वाढू शकतात. पण हे डॉक्टरांना सांगायचं, ते औषध बदलतात. आणि खाजकुयलीच्या बियांत काय असतं? लेवोडोपाच! ज्या औषधाला मेसेज विष म्हणतो तेच चमच्यानं घ्यायला सांगतो, आणि पोटात किती गेलं याचा हिशोब कुणाकडेच नाही.

‘मेंदू शाबूत’ ही समजूत दोनशे वर्षं जुनी आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधात बुद्धीला धक्का लागत नाही असंच लिहिलं होतं, तेही सहा रुग्णांवरून. सिडनीत नव्यानं निदान झालेल्या १३६ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. वीस वर्षांनी जे हयात होते त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता. हा अहवाल २००८ चा. सगळ्यांना होतो असं नाही, लगेच तर नाहीच. पण होतो, आणि तो आजाराचाच भाग आहे.

मामा मोंढ्यात चाळीस वर्षं मुनीम होते. आजही नातवंडांची नावं बिनचूक सांगतात, पण चहाला आधण ठेवलं की पुढं काय करायचं ते सुचत नाही. संध्याकाळी म्हणतात, “ओसरीवर लेकरं बसलीत, त्यांना खायला द्या.” ओसरी रिकामी असते. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. त्यातलं डोपामिन घटतं तसं अ‍ॅसिटिलकोलिनही घटतं, पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात, आणि लक्ष देणारे, बेत आखणारे, डोळ्यांनी पाहिलेलं ताडून घेणारे मेंदूचे भाग एकमेकांशी नीट बोलेनासे होतात. मामींना वाटतं मामा हट्ट करतात. तो हट्ट नाही.

एमआरआयचं थोडक्यात सांगतो. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते, भागांमधला संवाद दिसत नाही. नकाशात अंबाजोगाई-लातूर रस्ता आहे, म्हणून आज त्यावरून एसटी गेली का ते कळतं का? मेंदूतला संवाद बघायला वेगळ्या पद्धतीचं स्कॅन लागतं, आणि ते बहुतेक संशोधनातच होतं.

कंपवातातल्या स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन हे औषध आहे. आजार पुसत नाही, काही जणांना थोडा आधार देतं. शुक्रवारी मामांसाठी तेच विचारायला जातोय. मामी वही लिहितायत : गोळी किती वाजता दिली, लेकरं किती वाजता दिसली.