३३८९ उघडू नका: रिमोट डेस्कटॉपवरच्या एका मेसेजला उत्तर

आयटी सपोर्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो. बाहेरच्या माणसाला ब्राउझरमधून ऑफिसचं रिमोट डेस्कटॉप (ऑफिसच्या सर्व्हरवर दुरून काम करायची सोय) लागत नसेल तर काय करावं, ते त्यात सांगितलंय. ऑफिसात चालतंय म्हणजे सर्व्हर ठीक, दोष समोरच्याच्या इंटरनेटचा. कॅश साफ करा. सर्टिफिकेटचा इशारा आला तर ‘पुढे जा’ दाबा. लॉगिनचं पान उघडलं म्हणजे गेटवे (बाहेरचा ब्राउझर आणि आतला सर्व्हर यांना जोडणारा दुवा) चालू आहे. आणि काहीच जमलं नाही तर फायरवॉलवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या राखणदारावर, ३३८९ पोर्ट (सर्व्हरवर यायचा क्रमांकित दरवाजा) उघडा. शेवटचा सल्ला सगळ्यांत धोकादायक, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

३३८९ हे आरडीपीचं, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या भाषेचं, पोर्ट. पण ब्राउझरमधलं पान त्या पोर्टशी बोलूच शकत नाही. पानातल्या जावास्क्रिप्टला थेट टीसीपी कनेक्शन (इंटरनेटवरची कच्ची जोडणी) उघडता येत नाही. तिला एचटीटीपीएस किंवा वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) अशा ब्राउझरने दिलेल्या वाटाच वापराव्या लागतात. म्हणून तर मधे गेटवे लागतो. तो बाहेरून एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टवर वेबसॉकेट घेतो आणि आतल्या बाजूला सर्व्हरशी ३३८९ वर बोलतो. बाहेरून ३३८९ उघडल्याने तक्रार करणाऱ्याला काडीचाही फायदा नाही. फायदा होतो तो रात्रंदिवस ते पोर्ट चाचपणाऱ्यांना. मे २०१९ मध्ये ब्लूकीप हा दोष उघड झाला, तेव्हा जुन्या विंडोजचा ताबा पासवर्डशिवाय घेता येत होता. सपोर्ट केव्हाच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. हा सल्ला ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तो मागे घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘ऑफिसात चालतंय’ आणि ‘पान उघडलं’ हे दोन मुद्दे. दोन्हींत चूक एकच आहे. मी सांभाळत होतो त्या एका ठिकाणी मार्चअखेर बाहेरच्या ऑडिटरना टॅली ब्राउझरमधून दिलं होतं. त्यांना पान उघडायचं, लॉगिन व्हायचं, टॅलीचा आयकॉनही दिसायचा. क्लिक केलं की नुसतं चक्र फिरायचं आणि शेवटी एरर. आम्ही दोन दिवस त्यांच्या इंटरनेटला दोष देत बसलो. प्रत्यक्षात सेटिंगमध्ये गेटवेचं नाव ‘डॉट लोकल’वालं होतं. ऑफिसच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) ते नाव माहीत, बाहेरच्या जगाला नाही. लॉगिनचं पान एका पत्त्यावरून येतं, वेबसॉकेट दुसऱ्या पत्त्यावर जाऊ शकतं, त्यामुळे पान उघडण्यावरून गेटवेबद्दल काहीच कळत नाही.

कळतं ते ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून, म्हणजे डेव्हलपर टूल्स उघडून. नेटवर्क टॅबमध्ये ‘डब्ल्यूएस’ हा फिल्टर लावा आणि आयकॉनवर क्लिक करा. तिथे उत्तराचा कोड १०१ दिसला तर वेबसॉकेट जुळलं. ४०० किंवा २०० आलं तर मधल्या प्रॉक्सीवर, म्हणजे विनंत्या गेटवेकडे पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरवर, संशय घ्या. ती प्रॉक्सी एनजिनएक्स असेल तर ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचना) मुद्दाम पुढे पाठवावे लागतात, ते आपोआप जात नाहीत. जुळलं, पण काम थांबवल्यावर बरोबर मिनिटभराने तुटलं, तर त्याच एनजिनएक्सचा ६० सेकंदांचा मूळ टाइमआउट बघा. आणि नावच सापडलं नाही, तर आमच्या ऑडिटरांचीच गोष्ट.

सर्टिफिकेटच्या इशाऱ्यावर ‘पुढे जा’ दाबण्याने सुरक्षा तर जातेच, शिवाय काम होईलच असंही नाही. तो अपवाद त्या पानाच्या पत्त्यापुरता असतो. वेबसॉकेट दुसऱ्या नावावर असेल आणि तिथलं सर्टिफिकेट अमान्य असेल, तर ब्राउझर काही न विचारता जोडणी तोडतो, आणि पानाच्या हाती फक्त १००६ हा ‘जोडणी अचानक तुटली’ एवढंच सांगणारा कोड येतो. माणसाला ‘पुढे जा’चं बटण दिसतच नाही. त्यामुळे गेटवेवर सर्वमान्य सर्टिफिकेट, योग्य नावाचं आणि मुदतीतलं, हाच उपाय आहे.

कॅशच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे: वेब क्लायंट अपडेट केल्यावर जुन्या फाइली अडकून राहू शकतात. इन्कॉग्निटो खिडकीत पाहिलं की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. इंटरनेट संथ असेल तर चित्र अडखळेल, टाइप केलेलं उशिरा उमटेल; दर वेळी त्याच पायरीवर तीच एरर येण्याचं कारण सहसा वेग नसतं.

१०१ येऊनही डेस्कटॉप दिसत नसेल तर समोरच्याला त्रास देणं थांबवा आणि मायक्रोसॉफ्टच्या गेटवेचा लॉग उघडा. तिथल्या नोंदींचे क्रमांक बघा: २०१ म्हणजे त्या माणसाला गेटवे वापरायची परवानगी नाही. ३०१ म्हणजे गेटवे वापरायची परवानगी आहे, पण त्या सर्व्हरपर्यंत जायची नाही; बाहेरच्यांसाठी नवा ग्रुप केला की हे हमखास राहून जातं. ३०४ म्हणजे दोन्ही परवानग्या आहेत, पण गेटवेलाच सर्व्हर गाठता आला नाही. तेव्हा ३३८९ जरूर तपासा, पण ते गेटवे आणि सर्व्हर यांच्या मधलं, आतल्या बाजूचं.