चिखलदऱ्याच्या ओल्या उतारावर न लागलेल्या ब्रेकबद्दल: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एकच स्टार दिला, पण कारणं नीट लिहिली, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: परतवाड्याला आमच्याकडे रोड बाइकची पूर्ण सर्व्हिसिंग केली, त्याच आठवड्यात अवकाळी पावसात चिखलदऱ्याला जाऊन आलात, उतरताना ब्रेक लागेना आणि करकर वाजत होता. दुसऱ्या दिवशी चेन तांबूस झाली. दोनदा पंक्चर झालं. आणि पूर्ण लांबीचं मडगार्ड मागूनही आम्ही बसवून दिलं नाही.

आधी ब्रेक, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. तुमच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे रबरी पॅड चाकाच्या धातूच्या कड्याला (रिमला) दोन्ही बाजूंनी दाबतात. रिम ओली असते तेव्हा रबरी पॅडला आधी तिच्यावरचं पाणी पुसावं लागतं, पकड त्यानंतर येते. हे पुसण्यात चाकाचा एखाद-दुसरा फेरा जातो. २५ मिमी टायरच्या चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे २.१ मीटर, आणि ताशी ४० च्या वेगात तुम्ही सेकंदाला ११ मीटर जाता. म्हणजे लिव्हर दाबल्यावर पहिले काही मीटर सायकल जवळजवळ मोकळीच धावते, आणि नंतरची पकडही कोरड्या रिमइतकी नसते. नवीन केबल आणि चांगले पॅड असले तरी हे होतंच. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, परतवाडा चारशेच्या आसपास, त्यामुळे हा उतार संपता संपत नाही.

उपाय हाताच्या सवयीत आहे. वळण यायच्या ३०-४० मीटर आधीपासून दोन्ही लिव्हर अगदी हलके दाबून ठेवा, रिम पुसली जाऊ द्या, मग खरा ब्रेक लावा. वेग वळणाच्या आधीच उतरवा, वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक ओढू नका. पांढरे पट्टे, सागाची ओली पानं आणि वावरातून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरनं टाकलेली ढेकळं, या तिन्हींवर सायकल सरळ ठेवायची आणि ब्रेक सोडायचा.

करकर आवाज मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. साइडपट्टीचा मुरूम आणि गिट्टीची भुकटी पाण्याबरोबर उडून पॅडमध्ये रुतते आणि रिम खरवडते. पावसात रिमवरून जे काळपट-राखाडी पाणी ओघळतं, त्यात तुमच्या रिमचं ॲल्युमिनियमच असतं. चाक काढा, पॅड उजेडात पाहा, चमकणारे कण आणि खडे सुईनं उपसून काढा. पॅडचा वरचा गुळगुळीत थर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, रिम स्पिरिटनं पुसा. पॅडवरच्या खाचा १ मिमीपेक्षा कमी उरल्या की जोडी बदलायची. रिमवर झीज दाखवणारा ठिपका किंवा खाच असेल आणि ती दिसेनाशी झाली असेल, तर ती रिम घाटासाठी संपली. तुमच्या जॉबकार्डवर पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, पुढची केबल नवी अशी नोंद आहे. पण एका ओल्या घाटात पॅड किती झिजतील याचा भरवसा नसतो, म्हणून आज ते पाहणं गरजेचं आहे. ओल्या रस्त्यासाठी वेगळ्या रबराचे पॅड येतात, ते मागवून देऊ.

चेनचं. आपल्याकडे हिवाळ्यात रस्ता बहुतेक दिवस कोरडा आणि धुळीचा असतो, म्हणून सर्व्हिसिंगला आम्ही ड्राय ल्युब (कोरड्या रस्त्यासाठीचं वंगण) लावतो. जाड वेट ल्युब पावसात टिकतं, पण कोरड्या दिवसांत त्याला धूळ चिकटून चेन आणि दात दोन्ही घासतात. ड्राय ल्युब एका पावसात धुऊन जातं. हँडलला बांधून दिलेल्या चिठ्ठीवर हेच लिहिलं होतं: पाऊस लागला तर घरी आल्याबरोबर चेन पुसून पुन्हा ल्युब. रात्रभर ओली ठेवलेली उघडी पोलादी चेन सकाळी तांबूस होणारच. तुमच्या फोटोतला गंज बाहेरच्या पट्ट्यांवरचा दिसतो, तो निघतो.

पद्धत अशी. चेन फडक्यानं कोरडी करा, अर्धा तास वाळू द्या. आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर (कडीच्या मधल्या फिरत्या नळीवर) ल्युबचा एक थेंब टाका, पॅडल उलटं १०-१५ वेळा फिरवा, दोन-तीन तास थांबा, मग बाहेरचं सगळं ल्युब पुसून काढा. ल्युब रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त माती धरतं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, तो मारला तर नंतर ल्युब लावावंच लागतं. झीज घरी मोजता येते: चेनच्या १२ पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) नवीन असताना बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ पूर्णांक १/१६ इंच झाल्या की चेन बदलायची, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जाते.

धुण्याबद्दल एक विनंती. गाड्या धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊ नका. तो फवारा हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस) यांच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो, ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात चाक खरखरू लागतं. घरचा फवारणीचा पंप हलक्या दाबानं उत्तम काम देतो, पण औषध मारलेला पंप वापरू नका, त्यातली रसायनं धातूवर आणि हातावर दोन्हीकडे वाईट. शेवटी सीट पोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करा, फ्रेममध्ये शिरलेलं पाणी निघेल.

आता मडगार्ड. यात आमचं मत ठाम आहे. तुमच्या फ्रेममध्ये टायर आणि ब्रेकच्या मधे जेमतेम ५ मिमी जागा आहे. आपली काळी माती पाणी लागलं की फुगते आणि खळीसारखी चिकटते. पूर्ण मडगार्डच्या आत ती थरावर थर बसते आणि शे-दोनशे मीटरमध्ये चाक जाम होतं. उतारावर पुढचं चाक जाम झालं तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. म्हणून सीटखाली अडकवायचं मागचं लहान मडगार्ड सुचवलं होतं. पाठ कोरडी राहते, चाकाला धोका नाही. परतवाडा-अमरावती डांबरी रस्त्यापुरतीच सायकल असेल आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर पूर्ण मडगार्ड आनंदानं बसवून देतो.

पंक्चरचं कारण पाणीच. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, म्हणून बाभळीचा काटा किंवा काचेचा तुकडा पावसात लवकर आत शिरतो. दुसरं पंक्चर पहिल्याच काट्यानं झालेलं असू शकतं: ट्यूब बदलण्याआधी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, काटा असेल तिथं तंतू अडकतात. ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही, दोन ट्यूब सोबत ठेवा. हवेचं गणितही पाहा. दुपारी ३० अंशांत भरलेली ८५ पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) हवा पहाटेच्या ८ अंशांत ७८ च्या आसपास येते. ओल्या रस्त्यावर ७० किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये पुढे ७५, मागे ८० पुरे, पण हे मोजमाप निघताना थंड टायरवर घ्या. त्याहून खाली गेलात तर गड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात.

हात बधिर झाल्याचंही तुम्ही लिहिलंय, आणि ब्रेक न लागण्यात त्याचा वाटा असतो. १० अंशांत ताशी ४० नं उतरताना अंगाला ६ अंशांसारखी थंडी लागते, ओल्या हाताला त्याहून जास्त. हातमोज्यांच्या आत पातळ रबरी मोजे घाला. सुती बनियन नको. आपण कापसाच्या मुलखातले असलो तरी भिजलेला कापूस पाणी धरून ठेवतो आणि अंग गारठवतो, आत लोकर किंवा सिंथेटिकच हवं. उतरण्याआधी छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवली तरी फरक पडतो.

पंक्चर आणि गंज सर्व्हिसिंगच्या हमीत येत नाहीत, त्याचे पैसे परत देणार नाही. पण ब्रेकची शंका मनात ठेवून तुम्ही पुन्हा घाट उतरू नये. सायकल घेऊन या, दोन्ही रिम आणि चारही पॅड तुमच्यासमोर तपासू, चेन मोजू, त्याची मजुरी घेणार नाही. दुकान सकाळी १० ला उघडतं. येताना चाकं धुऊन आणू नका, रिमवर काय बसलंय ते जसंच्या तसं पाहायचं आहे.