चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गेलाच समजा, मग संगीत, मग कार्यानुभव. कारण विचारलं तर सांगतात, पोरांना अजून वाचता येत नाही, तिकडे टाईम देतोय. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे हे एकदम बरोबर आहे, शिक्षकांवर त्याचं प्रेशर आहे हेही कळतं. पण त्यासाठी गाणं आणि चित्र बंद करायचं, हे मला बिलकुल पटत नाही.

आपल्या खान्देशात घरी अहिराणी नाहीतर लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली, आणि पहिलीच्या पुस्तकात एकदम प्रमाण मराठी. अक्षर नवं, शब्दही नवा, पोरगं गप्पच बसतं. त्याच वर्गातल्या पोरींना गुलाबाईची (आपल्याकडचा पोरींचा सण) गाणी मात्र तोंडपाठ असतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी म्हणतात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. तेच गाणं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि एकेका शब्दावर बोट ठेवून म्हणायला लावा, पुढचा शब्द कोणता येणार हे पोरीला आधीच माहिती असतं त्यामुळे तिचं सगळं लक्ष अक्षराकडे जातं. मग गुलाबाईचं चित्र काढू द्या, खाली नाव लिहू द्या, मनाने एक कडवं जोडू द्या. वाचन झालं, लेखन झालं, आणि पोरगी बोलायलाही लागली.

आपल्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता गाणी रचायच्या, त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी ती जपली म्हणून १९५२ ला पुस्तक आलं. अशी गाणी रचणाऱ्या आज्या आजही गावागावात आहेत, त्यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवायला काय खर्च येतो? पोरांनी ऐकायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं.

आणि कायद्यातही आहे हो हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, पाहिजे. आपल्या शाळेत आहे का, कोणी विचारलंय? आपण पालकही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या की दहावीला किती मार्क वाढतात एवढंच विचारतो.

शाळा व्यवस्थापन समितीत जे कोणी असतील त्यांनी पुढच्या मीटिंगला वेळापत्रक मागा, पोरांच्या चित्रकलेच्या वह्या बघा. कोऱ्या असतील तर तो तास कुठे गेला ते तिथेच विचारा.