बेसूर, कणसूर आणि नुसताच न आवडलेला आवाज

कुणाचं गाणं जरा खटकलं की आपण लगेच म्हणून मोकळे होतो, "बेसूर गातो." या शब्दाचा असा उठसूट वापर मला मनापासून खटकतो. भसाडा आवाज बेसूर, नाकातला आवाज बेसूर, बसलेला घसाही बेसूर! अहो, भसाडा गळा चोख सुरात गाऊ शकतो आणि मधाळ गळा सपशेल बेसूर. आवाजाचा पोत वेगळा, सूर वेगळा.

रागातली चूकही बेसूर नव्हे. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य. तिथे कुणी शुद्ध मध्यम लावला, अगदी चोख लावला, तरी राग बिघडला, सूर नाही. लय सुटली तर तो बेताल.

लावायच्या सुराची जागाच सापडत नाही तो बेसूर. जागेच्या आसपास पोचतो, पण कणभर चढा किंवा उतरलेला राहतो तो कणसूर. (कणस्वराशी गल्लत नको. तो शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, दोष नव्हे, अलंकार.)

हा कणभर फरक ऐकायचा तर तानपुरा जुळवताना जवळ बसावं. जोडीच्या दोन तारांपैकी एक सेकंदाला 240 वेळा कंप पावतेय आणि दुसरी 242 वेळा, तर नाद सेकंदाला दोनदा हेलकावतो. तारेचा सूर बारीक जुळवणारा मणी सरकवत जावं तसे हेलकावे संथ होतात, आणि तारा मिळाल्या की पूर्ण थांबतात. कणसूर गाणाऱ्याचा सा तानपुऱ्यावर असाच घासत राहतो.

आणि पेटी तरी कुठे निर्दोष आहे! शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धरलं, तर नेहमीच्या पेटीचा शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सुराच्या) तारेतून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. त्यामागच्या आक्षेपांत पेटीचे असे ठरीव सूर हाही एक होता. म्हणून फक्त पेटीवर कान तयार झालेल्याने दुसऱ्याचा गांधार बेसूर ठरवण्याआधी तानपुऱ्याशी ताडून पाहावा.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितेय ते लहान मुलांसाठी. "तू बेसूर आहेस" असं एकदा ऐकलेलं मूल चारचौघांत तोंड उघडेनासं होतं. त्यात त्याला काय सुधारायचं तेही कळत नाही. त्याऐवजी "तुझा पंचम उतरतोय" म्हणा. मग कारण शोधता येतं. श्वास संपत आला की सूर खाली येतो, वरच्या स्वरावर जोर लावला की अनेकदा चढतो, आणि तानपुरा नीट ऐकू येत नसेल तर दोन्ही होतं. पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्या, तानपुरा कानाजवळ ठेवा आणि श्वास पुरेल तेवढाच सा लावायला सांगा.