पुस्तक फोटोत बसलं पाहिजे

आत्मविकास करायचं मनावर घेतलंत, उत्तम. घरच्यांना एवढ्यात सांगू नका. घरचे लगेच "मग आधी ते सिलिंडर लावून दे की" म्हणतात आणि विकास स्वयंपाकघरातच अडकतो. थेट पुस्तकांच्या यादीकडं वळा. याद्यांना हल्ली तोटा नाही. आयुष्य बदलणारी दहा, तिशीच्या आत वाचायलाच हवीत अशी वीस. यादी करणाऱ्यानं स्वतः ती वाचलीत का, असलं काही विचारू नका. तो नकारात्मक विचार झाला, आणि नकारात्मक विचार घालवायचं पुस्तक त्याच यादीत सातवं आहे.

निवड कव्हर बघून करा. रंग भडक, अक्षरं मोठी, शीर्षकात एखादा आकडा. फोटो काढताना शेजारी कॉफीचा कप हवा. आपण सकाळपासून चहाच पितो हे खरं, पण फोटोपुरती कॉफी करायला काय जातंय? कॉफीऐवजी बेळगावच्या कुंद्याची, म्हणजे खव्याच्या मिठाईची, वाटी ठेवलीत आणि कव्हरवर तुपाचा डाग पडला तरी पुसू नका. पुस्तक हाताळलंय असं दिसतं.

पैसे वाचवायचे असतील तर रस्त्याकडेच्या ताडपत्रीवरची झेरॉक्स प्रत घ्या. प्रामाणिकपणा, सचोटी, मूल्यं अशा विषयांवरची पुस्तकं तिथं हमखास मिळतात, निम्म्याहून कमी किमतीत. छपाई जरा तिरकी असते. कधी एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, बांधायचा राहतो आणि चौसष्ट पानानंतर एकदम एक्याऐंशी येतं. याबद्दल अजून कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. चौसष्टपर्यंत जातोय कोण?

एका धोक्याच्या जागेबद्दल मात्र वेळीच सावध करतो. बेळगावच्या गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय. १८४८ सालचं, म्हणजे जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्याच सालचं. तिथं पुस्तक जवळजवळ फुकट मिळतं, हे वाईटच. त्याहून वाईट म्हणजे ते ठरल्या दिवशी परत करावं लागतं, आणि परत करायचंय म्हटल्यावर माणूस चुकून वाचून काढतो. शिवाय अशा ठिकाणी एखादे आजोबा पेपर वाचत बसलेले असतातच. चष्म्यावरून बघत विचारतात, "काय वाचालास रे?" तुम्ही नाव सांगता. ते कव्हर उलटसुलट करून बघतात, पुस्तक परत देतात आणि म्हणतात, "बरं हाय. पण आपल्या किर्लोस्करांचं वाचलंस का?"

इथं ठाम राहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नादी लागू नका. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा माणूस. हक्काची बढती डावलली म्हणून नोकरी सोडली, बेळगावात येऊन सायकलींचा धंदा केला, मग लोखंडी नांगर ओतायला घेतला. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तर १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर जाऊन पुन्हा पहिल्यापासून कारखाना उभारला. आता सांगा, यात तुम्ही-आम्ही घेण्यासारखं काय आहे? प्रकरणाच्या शेवटी चौकट नाही, 'आजचा संकल्प' नाही, भरायला रिकाम्या ओळी नाहीत. हल्लीच्या पुस्तकात असली दोन वर्षं दोन ओळींत उरकतात आणि तिसऱ्या ओळीत लेखक स्वतःच्या विमानात बसतो. तुम्ही किर्लोस्कर रोडवरून रोज गाडी घालता, तेवढं पुरे.

सवयींच्या पुस्तकाशिवाय संग्रह पुरा होत नाही. रोज एक टक्का सुधारा, वर्षाअखेर सदतीस पट व्हाल, असं जेम्स क्लिअर यांनी २०१८ साली लिहून ठेवलंय. गणित बिनचूक आहे, कॅल्क्युलेटरवर करून बघा. फक्त वहिनींच्या कानावर घालू नका. आज दहा भाकऱ्या थापणाऱ्या वहिनी पुढच्या वर्षी याच दिवशी पावणेचारशे थापतील, आणि खाणारे तेच चौघं.

रोज थोडं, पण रोज, हे तत्त्व आपल्याकडं संध्याकाळी सातच्या सुमारास मोटारसायकलवरून येतं. त्याला पिग्मीवाला म्हणतात. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं (तेव्हा तिचं नाव बरंच लांबलचक होतं) उडुपीच्या बाजूला दारोदार जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. पुढं गल्लीबोळातल्या सोसायट्यांनी तेच उचललं. आज पानपट्टीवाला, फुलवाली, शिंपी, सगळे पिग्मी भरतात. कमरेच्या मशीनमधून एवढीशी चिठ्ठी निघते, ती गल्ल्यात टाकायची, की झालं. पोरीचं लग्न निघालं, की त्याच चिठ्ठ्यांतून मांडव उभा राहतो. पण यावर पुस्तक निघत नाही, कारण तीनशे पानं भरायची कशानं? तेव्हा तुम्ही पुस्तकालाच धरून राहा. पिग्मीवाल्याचा हॉर्न ऐकू आला, की आतल्या खोलीत जाऊन सातत्यावरचं प्रकरण काढून बसा आणि पोराला दारात पाठवा. "पप्पा घरात न्हाईत म्हणून सांग की."

माणसं जोडायची असतील तर डेल कार्नेगी. १९३६ पासून खपतोय. मूळ आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ते त्यानं बदलून धनाढ्य पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींसारखं करून घेतलं, यावरून माणसाची तयारी कळावी. समोरच्याचं नाव गोड उच्चारा, हसा, वाद घालू नका, असा त्याचा सल्ला. बेळगावात याची मोठी अडचण होते. इथं पु. ल. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, तेव्हा त्यांना कृष्णराव हरिहर भेटले. आपण ज्यांना पु. लं.च्या लेखातले रावसाहेब म्हणून ओळखतो ते. एका वाक्यात दोन शिव्या आणि अख्खं गाव खिशात. कार्नेगी वाचले असते तर वाया गेले असते बिचारे.

दीर्घायुष्याचं रहस्य हवं तर त्यासाठी जपानमधल्या ओगिमी गावाचं पुस्तक आहे. दोन स्पॅनिश लेखक तिथं गेले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटले, आणि चार वर्तुळं जिथं एकमेकांना छेदतात तिथं जगण्याचं प्रयोजन सापडतं असं सांगून मोकळे झाले. पुस्तक जगभर खपलं. तुम्ही पुस्तकातनंच ओगिमीला जा, बेळगावजवळच्या येळ्ळूरला जाऊ नका. तिथं भात निघाल्यावर त्याच काळ्या रानात मसूर घेतात. मसूर घरात आला, की नव्वदीची आजी सोप्यात सूप घेऊन बसते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही तिला. सूप हलवलं, की मसूर एक आवाज करतो आणि खडा दुसरा, त्यावरून ती बोट नेमकं खड्यावर नेते आणि तो उंबऱ्याच्या दिशेनं उडवते. मधूनच दारातल्या कोंबडीला हाकलते, सुनेला आमटीत मीठ किती घालायचं ते इथनंच ओरडून सांगते. अशा आजीला "आजी, तुझ्या जगण्याचं प्रयोजन काय?" असं विचारलंत तर ती सूप न थांबवता म्हणणार, "च्या पिऊन जा." पुन्हा विचारलंत तर सूपच तुमच्या मांडीवर ठेवणार. आणि वहीत चार वर्तुळं काढून दाखवलीत, तर "रांगोळी बरी काढतोस की रे" असं म्हणून मोकळी होणार. म्हणून म्हणतो, ओगिमी बरं.

आता सगळ्यात अवघड प्रकरण. स्टीफन कोवी यांनी १९८९ साली दोन वर्तुळं आखून दिली. बाहेरचं मोठं, त्यात आपल्याला ज्यांची काळजी वाटते त्या सगळ्या गोष्टी. आतलं लहान, त्यात आपल्या हातात असलेल्या. बाहेरच्यावर शक्ती घालवू नका, आतल्याकडं बघा, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत चालत असेल. बेळगावात हे पाळायचं ठरवलं, तर कट्ट्यावर बसून बोलायचं कशावर? बेळगावला आजच्या कर्नाटकात टाकणारी १९५६ ची राज्य पुनर्रचना आपल्या हातात नव्हती. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल नव्हता. २००४ साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात नेलेला दावा तर नाहीच नाही. इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं, की कुठला रस्ता बंद होणार, तेही आपल्याला विचारून ठरत नाही. बाहेरचं वर्तुळ सोडून द्या म्हणजे आमच्या निम्म्या ज्येष्ठांना संध्याकाळी घरी बसवा, असंच झालं. आतल्या वर्तुळात उरतं काय? दारातलं तुंबलेलं गटार, स्वतःची शुगर, आणि धाकट्याचा कन्नडचा पेपर. यावर कट्ट्यावर कोण तास दोन तास ऐकून घेणार? तेवढी पानं स्टेपल मारून बंद करा, बाकीचं पुस्तक निर्धोक आहे.

आणि तरुणांना काय द्यायचं? महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या एखाद्या पोराचं टेबल बघा. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचे दोन गठ्ठे. एक बेंगळुरूच्या परीक्षेचा, दुसरा महाराष्ट्राच्या. पहिल्यात बेळगाव हा ३१ जिल्ह्यांपैकी एक. दुसऱ्यात ३६ जिल्ह्यांची यादी पाठ करताना बेळगाव कुठंच येत नाही, ते पुढं 'सीमाप्रश्न' या मथळ्याखाली येतं. पोरगं दोन्ही पाठ करतं. दोन्हीकडं आपलंच गाव, एकीकडं जिल्हा म्हणून, एकीकडं प्रश्न म्हणून. त्याला हवी असते कन्नड लिहायला शिकवणारी एखादी बरी शिकवणी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोल्हापूरच्या गाडीचं भाडं. पण असल्या गोष्टींना रिबन बांधता येत नाही. तुम्ही आपलं 'स्वतःवर विश्वास ठेव' छापाचं काहीतरी द्या. जाड असलं तर बरं, पंख्याच्या वाऱ्यानं हॉल तिकीट उडत नाही.

रिबनवरून आठवलं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिकडं जात चला. ग्रंथदिंडीत पुस्तकांच्या पालखीला खांदा द्या. आपण पुस्तकांचा भार वाहिला, असं मग कुठंही खरंखुरं सांगता येतं. मांडवात भाषण रंगलेलं असतं, मागच्या रांगेत जेवणाचा अंदाज घेणं चाललेलं असतं. त्याच वेळी व्यासपीठावरच्या सत्कारांकडं लक्ष ठेवा, कारण आत्मविकासाच्या पुस्तकांचा खरा प्रवास तिथून सुरू होतो. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात. सुधारणाच म्हणायची. पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी सुकतो, पुस्तक वर्षानुवर्षं कोरं राहतं. पाहुणे ते आपल्या गावी नेतात आणि मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला देतात. मुख्याध्यापक भाच्याच्या वास्तुशांतीला. भाचा दहावीच्या गुणवंताला. गुणवंताचे वडील सोसायटीच्या चेअरमनना. असं फिरत फिरत ते एक दिवस तुमच्याच हातात येतं. तेव्हा दचकायचं नाही. "अरे वा, हेच घ्यायचं डोक्यात होतं" म्हणायचं आणि कॅमेऱ्याकडं बघायचं.

या साखळीत अडचण येते ती पहिल्या पानाची. कुणीतरी उत्साहानं 'सप्रेम भेट' म्हणून नाव-तारीख पेननं घालून ठेवतो. मग त्यावर पांढरी पट्टी चिकटवा, आणि उजेडात धरलं, की खालचं नाव वाचता येतंच. पान फाडलं तर समोरचं पान सुटून येतं. म्हणून नाव घालायचंच असेल तर पेन्सिलीनं घाला, तेही दाब न देता. आणि खोडरबर चांगला घ्या. झेरॉक्स प्रतीचा कागद पातळ असतो, घासला की भोक पडतं.