डावा गाल, उजवा गाल

टाचांच्या भेगांचं मलम आणायला गेलो होतो. टाचांच्या. मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं माझ्या तोंडावर घडलं.

हल्ली औषधांच्या दुकानात औषधं पार मागे असतात. तिथवर पोचायचं तर क्रीम-लोशनच्या कपाटांमधून वाट काढावी लागते. त्या वाटेवर काळ्या एप्रनमधली एक मुलगी उभी होती. "सर, सन डॅमेज खूप आहे," ती म्हणाली. ओळख ना पाळख! मी उत्तर जुळवेपर्यंत तिनं डाव्या गालावर साधं सनस्क्रीन आणि उजव्यावर 'नॅनो' सनस्क्रीन फासलंसुद्धा. "आता फरक बघा."

फरक होता. उजवा गाल माझाच राहिला. डावा चुना मारलेल्या भिंतीसारखा झाला. दोन्हींत झिंक ऑक्साइडच. पण साध्यातले कण मोठे, ते उजेड विखुरतात, म्हणून पांढरे दिसतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले ४०० ते ७००. कण १०० नॅनोमीटरच्या खाली आणले, म्हणजेच 'नॅनो' केले, की या प्रकाशाच्या ते फारसे वाटेला जात नाहीत, अतिनील किरणांना मात्र अडवतात. हुशारीचं काम आहे, आणि आम्हा सावळ्यांवर उपकारही. तिनं इथंच थांबायचं ना! पण नाही. "सर, पार्टिकल्स एवढे छोटे आहेत की डायरेक्ट स्किनच्या आत जातात."

"आत म्हणजे कुठं?"

हे मी नाही विचारलं. बीपीच्या गोळ्यांसाठी थांबलेले एक काका, हातात कापडी पिशवी, कधी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले कळलंच नाही.

"आत म्हणजे... डीप, अंकल."

"रक्तात?"

"नाही नाही, सेल्समध्ये."

"मग परत बाहेर कधी येतं?"

मुलगी गप्प. काकांनी चष्मा वर ढकलला आणि माझ्या उजव्या गालाची वीतभर अंतरावरून पाहणी केली. "दिसत तर नाही. गेलं वाटतं." मग खोकं उलटंपालटं केलं. "५० मिली, १५०० रुपये. म्हणजे लिटरला ३० हजार. साजूक तूप काय भावानं आणता हो तुम्ही?"

हा प्रश्न मला होता. आणि मी, एक गाल पांढरा ठेवून, भर दुकानात तुपाचा भाव सांगितला.

तेवढ्यात काकांना वरच्या फळीवर दुसरी ट्यूब दिसली. तिच्यावर लिहिलेलं 'नॉन-नॅनो'. किंमत १८००.

"हे काय?"

"ते सेफ आहे अंकल. पार्टिकल्स आत जात नाहीत."

"म्हणजे आत जातं त्याचे पंधराशे, आणि जात नाही त्याचे अठराशे?"

मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. कारण बहुतेक अभ्यासांत दिसलंय ते असं की झिंक ऑक्साइडचे हे कण धडधाकट कातडीच्या वरच्या मृत थरातच राहतात. काळजी करायची तर स्प्रे आणि पावडरची, कारण ते कण श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणजे एक ट्यूब न घडणारी गोष्ट विकते आणि दुसरी त्याच गोष्टीपासून संरक्षण. खरोखर आत जाणारं हवं असेल तर ग्रीक-रोमन काळातला कलप बघा: शिशाचं ऑक्साइड आणि चुना. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यानं केसाच्या आत शिशाच्या सल्फाइडचे पाचेक नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. शिसं! डोक्यावर! हौसेला मोल नसतं ते असं.

युरोपात २०१३ पासून घटकांच्या यादीत अशा पदार्थापुढे कंसात 'नॅनो' लिहावंच लागतं. माझ्या हातातल्या खोक्यावर तो शब्द पुढच्या बाजूला सोनेरी, ठसठशीत. मागच्या यादीत त्याचा पत्ता नाही. ती यादी वाचायला काकांचा चष्मा मागून घ्यावा लागला, तेव्हा एवढं कळलं.

मी टिश्यू मागितला. "सर, ते वॉटर-रेझिस्टंट आहे, असं पुसून नाही जाणार," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सन डॅमेजकडे वळली. मला नॅपकिन नाही, दिलगिरी नाही. काकांना मात्र गोळ्यांसोबत सॅम्पलची दोन पाकिटं! मी जरा खवचटपणेच विचारलं, "यातलं आत जातं का हो?"

"फुकट आहे ना," काका पिशवीत पाकिटं टाकत म्हणाले, "मग जाऊ दे कुठं जायचंय तिथं."