गल्ल्यावर मामा, आत मामी

परवा शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या गल्लीतल्या मामांच्या जुन्या हॉटेलचा फोटो टाकला आणि सगळ्यांना भरून आलं. मामांची सुशीला, मामांचे मिरची भजे, मामांचा कट चहा. मग पुढचं ठरलेलंच: "पोरांनी चालवायला पाहिजे होतं. चांगलं चाललेलं हॉटेल बंद पाडलं." हे मला अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या सुशीलेला मामांचा हात कधी लागला नाही, ती आत मामी करायच्या. मामींची लेक माझ्या वर्गात, त्यामुळे मी मागच्या दारानं जायचे. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसायचात, एवढाच फरक.

लातूरबाहेरच्यांसाठी सांगते, सुशीला मुरमुऱ्यांची असते. दिसायला सोपी, पण मुरमुरे पाण्यात जरा जास्त राहिले की लगदा होतो. म्हणून मामी कधीच मोठा घाणा भिजवायच्या नाहीत. दोन-तीन प्लेटांपुरते मुरमुरे पाण्यात टाकायच्या, लगेच ओंजळीनं काढून दोन्ही तळव्यांत दाबायच्या आणि परातीत मोकळे करायच्या. तोवर कढईत मोहरी, मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद. शेवटी वरून फुटाण्याच्या डाळीचं कूट. ते ओल खेचून घेतं. हे पहाटेपासून, कारण आडत बाजारातले हमाल उजाडायच्या आत नाश्त्याला यायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा तेच भिजवणं, तेच पिळणं. मामींच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असायची.

मामा भला माणूस होता, त्यात शंका नाही. हमालांची उधारी वहीत लिहून ठेवायचे आणि पेरणीच्या दिवसांत तगादा लावायचे नाहीत. पण भजे तळणाऱ्या पोऱ्याला पगार होता, मामींना नव्हता. सासूबाई बसल्या बसल्या शेंगा फोडायच्या, लेक शाळेतून आली की कांदे चिरायची. आपल्याला ती प्लेट स्वस्तात मिळायची ती या बिनपगारी हातांमुळे. मामांच्या हिशेबाच्या वहीत हा खर्च कधी आलाच नाही, आणि आपल्या आठवणींतही येत नाही.

लेक जरा जास्त वेळ आत घुटमळली की मामी ओरडायच्या, "हितं काय करायलीस? जा, पुस्तक धर." बोर्डाच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नचं, म्हणजे इथल्या अभ्यासाच्या पद्धतीचं, सगळ्या महाराष्ट्रात कौतुक झालं, पण त्या पॅटर्नमध्ये पोरगी टिकावी म्हणून आईनं तिला चुलीपासून हाकललेलं मी डोळ्यांनी बघितलंय. ती शिकली, नोकरीला लागली. भाऊही लागला. त्यांनी हॉटेल बुडवलं म्हणणाऱ्यांनी आपल्या पोरांना कुठं घातलंय ते सांगावं.

आणि २०१६ विसरलात का? मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर, देशभर फोटो छापून आले. मी तेव्हा माहेरी आले होते. हॉटेलसाठी टँकरच्या रांगेत मामी उभ्या होत्या, पन्नाशी उलटलेल्या. मुरमुरे भिजवलेलं पाणी त्या टाकून देत नव्हत्या, त्यातच प्लेटा खंगाळत होत्या. पुढं प्लेटाच बंद झाल्या, सुशीला कागदावर मिळायला लागली. पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला, पण मामींचे गुडघे गेले होते. हॉटेल बंद व्हायचं खरं कारण हे. मोठ्या हॉटेलांनी गिऱ्हाईक पळवलं नव्हतं, शेवटपर्यंत बाकडी भरलेली असायची.

ती चव मला आजही हवीशी वाटते. पण त्यासाठी त्या लेकीनं किंवा घरात आलेल्या सुनेनं पहाटे उठून ती परात पुढं ओढावी, असं मी म्हणणार नाही. कुणाला चालवायचंच असेल तर आतल्या बाईला पगार धरा, मग प्लेट कितीला पडते ते बघा आणि तेवढे पैसे द्या. मी देईन.

तुमच्या गल्लीतल्या हॉटेलात आत कोण होतं? खाली लिहा. मामांबद्दल खूप लिहून झालंय.